एका क्लिकचा हार

वेबसाइट बनवण्याच्या धंद्यात कंटाळा येणं हा दुर्गुण नाही, पात्रता आहे. एकच काम शंभरदा करायला ज्याला आवडतं त्यानं जपमाळ घ्यावी, या धंद्यात येऊ नये. मी मुळात आळशी. आई म्हणायची, या मुलीला पोळीसुद्धा दुसऱ्यानं उलटून द्यावी लागेल. त्याच आळसाच्या बळावर इंदूरच्या एका छोट्या वेब कंपनीत माझी अख्खी नोकरी पार पडली, आणि बऱ्यापैकी मानानं पार पडली.

बाहेरच्या लोकांना वाटतं, आम्ही दिवसभर संगणकावर सुंदर चित्रं काढत बसतो. चित्रं काढण्याचं काम चार दिवसांचं. उरलेला सगळा वेळ हमाली. गिऱ्हाइकानं पाठवलेले फोटो एका मापात कापा, उजळ करा, त्यांना नावं द्या, पानावर ठेवा, खाली पत्ता टाका. मग पुढचं पान, पुन्हा तेच. सगळं झालं की गिऱ्हाइकाचा फोन येतो, "मैडम, नंबर बदल गया है." म्हणजे पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात.

पण आमच्या सॉफ्टवेअरमध्ये एक सोय असते. तुम्ही एकदा जे जे केलंत ते ते सॉफ्टवेअर ओळीनं टिपून ठेवतं. त्याला नाव द्यायचं आणि पुढच्या वेळी एक बटण दाबायचं. फोटोंचा अख्खा ढीग समोर टाकला तरी तुमचा चहा होईतो तो कापून, उजळून, पानावर बसलेला असतो. आमच्या ऑफिसात याला 'गाडी' म्हणत. "गाडी बना दी क्या?" "गाडी चला दो." ऑफिसातल्या बहुतेक गाड्या मी बनवलेल्या. चालवायचा बहुधा शैलेश. तो माझ्याच वयाचा, उज्जैनकडचा, कामाला चोख आणि मनानं इतका सरळ की त्याच्यापासून काही लपवणंसुद्धा अवघड.

गाडीचा एकच दोष. ती आंधळी असते. भंवरकुआंच्या एका कोचिंगवाल्यांनी निकाल लागल्यावर आमच्याकडे गुणवंत मुलांचे फोटो पाठवले. माझी गाडी फोटोच्या बरोबर मधला चौकोन कापायची, कारण पासपोर्ट फोटोत माणूस मध्येच असतो. पण एका मुलाकडे पासपोर्ट फोटो नव्हता. त्यानं चुलतभावाच्या लग्नातला फोटो पाठवला होता आणि स्वतः एका कडेला उभा होता. गाडीनं आपलं काम केलं. दुसऱ्या दिवशी साइटवर गुणवंतांच्या रांगेत मुंडावळ्या बांधलेला नवरदेव झळकला. त्या मुलाच्या वडिलांनी तक्रार केली नाही, उलट फोटो छापून घेतला. कोचिंगवाल्यांनी मात्र आमच्या मालकांना फोनवर असं काही ऐकवलं की मालक दोन दिवस माझ्याशी 'आप' करून बोलत होते. ते एरवी 'तुम' म्हणायचे. रागावले की इज्जत द्यायचे.

आता अविनाशदादांबद्दल सांगते, कारण लिहायला बसले ती त्यांच्यामुळेच.

अविनाशदादांचा पोलोग्राउंडच्या औद्योगिक वसाहतीत पंपाचे सुटे भाग बनवण्याचा कारखाना होता. आमचे ते राजेंद्र नगरातले शेजारी, दोन गल्ल्या पलीकडे घर. घरात ते, नीलिमावहिनी आणि अविनाशदादांची आई. मी त्यांच्या साइटचं काम करत होते तेव्हा एकदा ते ऑफिसात आले आणि माझ्या मागे उभे राहून बघू लागले. मी बटण दाबलं आणि त्यांच्या मालाची सगळी पानं भराभर तयार झाली. गिऱ्हाईक समोर असताना असं करायचं नसतं. त्याला वाटतं, एवढंच काम होतं तर हे लोक महिनाभर काय करत होते? पण दादा खूष झाले.

"अगं, हे तर जिग आहे," ते म्हणाले.

जिग म्हणजे काय ते त्यांनी मला कारखान्यात नेऊन दाखवलं. लोखंडाचा साचा असतो, त्याला भोकं असतात. साचा मालावर बसवायचा आणि त्या भोकांतून ड्रिल घालायचं. मग मोजमाप घ्यावं लागत नाही, प्रत्येक नगाला भोक ठरल्या जागीच पडतं. "जिग चुकलं की सगळा माल भंगारात," दादा हसत म्हणाले. "इसलिए भिया, जिग बनाने वाले को नींद नहीं आती." मी कुणाची भिया, म्हणजे भाऊ, नव्हे, पण इंदुरात हे सगळ्यांनाच लागतं.

त्यांच्या साइटसाठी मालकाचा फोटो हवा होता. मी म्हटलं, कोट घालून, समोर बघून, एक नीट फोटो काढा. दादांनी ऐकलं नाही. त्यांनी मोठ्या ड्रिल मशीनचा फोटो पाठवला आणि त्यात स्वतः एका कडेला, मशीनवर हात टेकून, मान जराशी वाकडी करून हसत उभे. मी भांडले. ते म्हणाले, "साइट मशीनसाठी आहे, माझ्यासाठी थोडीच आहे? लोक मला बघून पंप घेणार आहेत का?" तोच फोटो पहिल्या पानावर लागला.

हा फोटो सर्वांत जास्त कुणी बघितला असेल, तर त्यांच्या आईनं. आईंचं कारखान्यात जाणं गुडघ्यांमुळे बंद झालं होतं. दादांनी त्यांना टॅबलेट आणून दिला आणि स्क्रीनवर एकच चित्र ठेवलं. त्यावर बोट ठेवलं की कारखान्याची साइट उघडे. रोज सकाळी चहा झाला की आई खिडकीशी बसून साइट बघायच्या. मी गेले की त्यांचं ठरलेलं वाक्य असे, "तुझं दुकान रोज उघडते बरं मी."

याच सुमारास मी आणखी एक गाडी बनवली. इंदुरात धंदे घराण्यांचे. आजोबांनी काढलेलं दुकान, वडिलांनी वाढवलेला कारखाना. त्यातलं कुणी गेलं की साइटवर चार गोष्टी कराव्या लागत. फोटोला चंदनाचा हार घालायचा, खाली इंग्रजीत 'पावन स्मृतीस' अशा अर्थाची ओळ टाकायची, संपर्काच्या पानावरून त्यांचा मोबाइल नंबर काढायचा आणि वारसाचं नाव घालायचं. हे काम करताना हात जड होत. ज्या माणसाशी परवापर्यंत बोलत होतो त्याचा नंबर पुसायचा. म्हणून मी त्याचीही गाडी बनवली. गिऱ्हाइकाच्या माहितीत 'दिवंगत' असा एक चौकोन ठेवला. त्यात खूण केली की बाकी सगळं आपोआप होई. मला वाटलं, मी सगळ्यांचा मनस्ताप वाचवला. शैलेश तिला 'शोकवाली गाडी' म्हणायचा आणि ती चालवण्यापूर्वी चपला काढायचा. मी त्याला हसत असे.

अविनाशदादा पुण्यात गेले. मशीनच्या प्रदर्शनाला गेले होते, तिथेच हृदय बंद पडलं. त्यांच्या धाकट्या भावानं तिथेच अंत्यसंस्कार केले. इकडे आई नुकत्याच मोठ्या दुखण्यातून उठून दवाखान्यातून घरी आल्या होत्या. डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, धक्का बसता कामा नये. मग घरच्यांनी ठरवलं ते आपल्याकडे कितीतरी घरांत ठरवतात. आईंना सांगायचं नाही. अविनाश नवीन मशीन शिकायला जर्मनीला गेला आहे, असं सांगायचं. आईंना ऐकू कमी येई, त्यामुळे फोनचा प्रश्न नव्हता. उठावना, म्हणजे लोकांनी भेटायला येऊन बसण्याची शोकसभा, घरी न ठेवता बाहेर हॉलमध्ये झाला. वहिनी घरी जाण्यापूर्वी माझ्याकडे थांबल्या, तोंड धुतलं, टिकली लावली, मंगळसूत्र घातलं आणि मग घरी गेल्या. मला ते बघवलं नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

जाताना वहिनी म्हणाल्या, "वैशाली, साइट जशी आहे तशी राहू दे. बिलकुल हात नको लावू. आणि कोणाला सांगू पण नको की का. आईंकडे येणारं-जाणारं कोणी ना कोणी बोलून जाईल."

मी शब्द दिला. शैलेशलाही सांगितलं नाही. चौकोन रिकामा ठेवला.

पुढचे महिने तो रिकामा चौकोन मला ऑफिसात रोज दिसे. वहिनी सकाळी आईंना सांगत, अविनाशचा निरोप आला, तिकडे थंडी आहे. मग टिकली काढून पर्समध्ये ठेवत आणि पोलोग्राउंडला जाऊन कारखाना बघत. संध्याकाळी घराच्या कोपऱ्यावर आल्या की पुन्हा लावत. बाजारात सगळ्यांना खबर होती, सगळे त्यांना मालकीण म्हणून ओळखू लागले होते. फक्त त्यांच्या स्वतःच्या घरात नवरा जिवंत होता. एकदा मला म्हणाल्या, "थकले गं मी. बाहेर रडायची फुरसत नाही आणि घरी परवानगी नाही."

मग तो दिवस आला. मी रजेवर होते, घरी लोणच्याच्या बरण्या धूत होते. वहिनींचा फोन.

"वैशाली, साइटवर हार आलाय!"

मला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं आणि हातातली बरणी तशीच ठेवून मी शैलेशला फोन लावला.

"हाँ मैडम, मैंने ही किया," तो म्हणाला. त्याच्या आवाजात मदत केल्याचं समाधान होतं. "पुरानी फाइलें देख रहा था. अविनाश भिया का उठावना तो मैं खुद अटेंड करके आया था. इतने महीने हो गए और आपका डब्बा खाली पड़ा था. मैंने सोचा मैडम भूल गईं, अच्छा नहीं लगता. टिक कर दिया."

त्याला काय बोलणार? माणुसकीनं वागला होता तो. साइटवरून ते सगळं ताबडतोब काढ, एवढंच सांगितलं. "हटा दिया," असा त्याचा निरोप आला तेव्हा मी लॅपटॉपची पिशवी खांद्याला लावून वहिनींच्या गल्लीत पोचलेही होते. पण आमच्या धंद्यातली एक गोष्ट इथे सांगायला हवी. साइटवरून एखादी गोष्ट काढली म्हणजे ती ज्याच्या समोर उघडी आहे त्याच्या पडद्यावरून जात नाही. तो पान पुन्हा उघडत नाही तोवर त्याला जुनंच दिसत राहतं.

वहिनी दारातच उभ्या होत्या. "उघडून बसल्यात," त्या पुटपुटल्या. "अजून काही बोलल्या नाहीत. डॉक्टरांना फोन केलाय, येतायत ते."

आम्ही दोघी आत गेलो. आई खिडकीशी होत्या, मांडीवर टॅबलेट, नाकावर चष्मा. त्यांनी वर बघितलं आणि त्या चक्क हसल्या.

"ये वैशाली. बघ तरी, किती छान बातमी दिलीस आज."

मी आणि वहिनींनी एकमेकींकडे बघितलं.

"नवीन मशीन आलं ना?" आईंनी टॅबलेट आमच्याकडे वळवला. "हार घातलाय त्याला. जर्मनीहूनच आलं असेल. पक्का! मशीन आलं म्हणजे तो पण येईलच आता मागोमाग."

मी बघितलं. गाडीनं हार फोटोच्या बरोबर मध्यावर घातला होता. मध्यावर मशीन. हाराचं एक टोक कसंबसं दादांच्या खांद्याला लागलं होतं, बाकी सगळा हार ड्रिल मशीनच्या मानेवर. कारखान्यात नवीन मशीन आलं की त्याला हार घालून नारळ फोडतात, तसंच हुबेहूब दिसत होतं. खालची ओळ इंग्रजीत, आणि आईंना इंग्रजी वाचता येत नव्हतं.

माझा जीव भांड्यात पडला. खोटं बोलायचीही गरज नव्हती, नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. मी हलवणारच होते. वाटलं, देवच पावला. आंधळ्या गाडीनं घोळ घातला आणि तिच्या आंधळेपणानंच तो निस्तरला.

"सांग ना गं," आई वहिनींना म्हणाल्या, "केव्हा येतोय?"

वहिनी उभ्याच होत्या. मला वाटलं, त्या नेहमीसारखं थंडीचं काहीतरी सांगतील. पण त्या आईंच्या पायाशी खाली बसल्या. आईंच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि मोठ्यानं, आईंना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आई, तो हार मशीनला नाहीये."

आईंनी त्यांच्याकडे बघितलं. मग टॅबलेटकडे. मग पुन्हा त्यांच्याकडे. वहिनींनी कपाळावरची टिकली काढली आणि मुठीत धरली. याहून जास्त त्यांना काही सांगावं लागलं नाही.

 डॉक्टर आले, आईंचा हात धरून बसले, रक्तदाब बघितला. ठीक होता. आईंनी त्यांना विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?" त्यांनी मान खाली घातली. मग मला विचारलं. मीही मान खाली घातली.

"म्हणजे सगळ्या राजेंद्र नगराला माहीत," आई म्हणाल्या. "तेरावा झाला, वर्षश्राद्ध आलं असेल जवळ. लोकं येऊन बसली असतील, रडली असतील. सगळी रडून मोकळी पण झाली असतील." त्यांचा आवाज आता फुटला. "आणि मी इथे बसून तिकडच्या थंडीची काळजी करतेय. माझा मुलगा गेला आणि मला रडू पण दिलं नाहीत तुम्ही."

वहिनींनी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं. दोघी रडल्या. मी आजवर पाहिलेलं सर्वांत खरं रडणं ते. आम्ही इतके महिने आईंना वाचवत होतो असं समजत होतो. प्रत्यक्षात दोन बायकांना एकमेकींच्या गळ्यात पडून रडता येऊ नये, याचा पक्का बंदोबस्त केला होता.

केव्हातरी आईंनी डोळे पुसले आणि सवयीनं स्क्रीनवरच्या चित्रावर बोट ठेवलं. पान नव्यानं उघडलं. शैलेशनं आपलं काम चोख केलं होतं. हार गेला होता, ओळ गेली होती. दादा मशीनशेजारी हसत उभे.

"हार कुठे गेला?" आई म्हणाल्या.

मी सांगितलं, तुम्हाला दिसू नये म्हणून काढायला लावला.

"आता कशाला लपवताय? घाल परत."

मी त्यांच्याशेजारी खुर्ची ओढली आणि लॅपटॉप उघडला. त्या चौकोनात पुन्हा खूण केली असती तर एका क्षणात झालं असतं. पण मग हार पुन्हा मशीनलाच पडला असता. मी खूण केली नाही. फोटो वेगळा काढला, हार वेगळा घेतला आणि बोटानं सरकवत सरकवत डावीकडे आणला. दादांची मान वाकडी, म्हणून हारही थोडा वाकवावा लागला. त्या दिवसानंतर शोकवाल्या गाडीतून हाराची पायरी मी काढूनच टाकली. बाकी नंबर, ओळी, नावं गाडीनं खुशाल बदलावीत. मी कंपनीत होते तोवर हार हातानंच घातला गेला. मालक कुरकुरले, शैलेशनं मात्र एका शब्दानं विचारलं नाही. आता तर म्हणे संगणकाला साध्या भाषेत सांगितलं की अख्खी साइट उभी करतो. करत असेल.

आईंनी माझ्या लॅपटॉपवर वाकून बघितलं. चष्मा पुसून पुन्हा लावला.

"इथे बरोबर आहे का?" मी विचारलं.

"थोडा खाली घे," त्या म्हणाल्या. मी घेतला. "अजून थोडा." त्यांनी माझ्या हातावर आपला हात ठेवला आणि त्याच हळूहळू खाली नेऊ लागल्या. "त्याला गळ्याशी काही घट्ट झालेलं चालत नाही गं. लहानपणापासून."